नोवुस, नवा आणि होस : एका विशेषणाचा रूपविचार

बंगळुरूच्या पूर्वेस, जुन्या कोलार रस्त्यावर, होसकोटे नावाचे तालुक्याचे गाव आहे. नावाचा अर्थ कन्नड जाणणाऱ्यास सांगावा लागत नाही : ‘होस’ म्हणजे नवा, ‘कोटे’ म्हणजे कोट. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, १५९५ च्या सुमारास, सुगटूरच्या तम्मेगौडाने येथे कोट बांधला आणि कोलारच्या जुन्या ठाण्याहून वेगळा ओळखता यावा म्हणून त्यास नवा कोट म्हटले गेले, अशी माहिती म्हैसूरच्या गॅझेटियरमध्ये मिळते. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी हा मुलूख जिंकला आणि बंगळुरूबरोबर होसकोटेही शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे १७६८ मध्ये, इंग्रज आणि हैदरअली यांच्या पहिल्या युद्धात, गुत्तीकर मुरारराव घोरपडे यांच्या छावणीवर हैदरने रात्री छापा घातला तो येथेच. मराठी राजकारणाने या गावाचे नाव असे पुनःपुन्हा उच्चारले आहे. परंतु ते उच्चारताना मराठी माणसाने ‘नवा कोट’ असे त्याचे भाषांतर केले नाही. त्याने ‘होसकोटे’ हेच नाव घेतले, त्याला आपले प्रत्यय लावले, आणि ‘होसकोट्यास’, ‘होसकोट्याहून’ अशी रूपे चालविली. शेपटाला मराठी विकार झाला. मस्तकाचे ‘होस’ मात्र जसेच्या तसे राहिले.

चार शतकांहून अधिक वयाचा कोट आजही ‘नवा’ म्हणविला जातो, यात व्यवहारात कोणालाही विसंगती वाटत नाही. याचे कारण असे की नाव झालेले विशेषण आपला दावा सोडून देते. ते कधी सोडते, आणि सोडले आहे हे कशावरून ओळखावे, हा प्रश्न वरवर पाहता कोशकाराचा वाटतो. पण त्याचे उत्तर व्याकरणात आहे, आणि त्या उत्तराचा उपयोग वाङ्मयेतिहासाला होतो. त्यासाठी ‘नवा’ या अर्थाच्या तीन विशेषणांची रूपे शेजारी ठेवून पाहणे सोयीचे ठरेल : लॅटिनमधील ‘नोवुस’, मराठीतील ‘नवा’ आणि कन्नडमधील ‘होस’. यांपैकी पहिली दोन एका कुळातली आहेत. तिसरे त्यांचे शेजारी आहे, नातलग नव्हे.

१. उगम

लॅटिन ‘नोवुस’ आणि संस्कृत ‘नव’ हे एकाच मूळ शब्दाचे दोन वारस होत. भाषाशास्त्रज्ञ त्या मूळ शब्दाचे रूप ‘नेवोस’ असे कल्पितात. हित्ती भाषेत ‘नेवस्’, अवेस्तात ‘नव’, प्राचीन स्लाव्ह भाषेत ‘नोव्ह’ अशी त्याची भावंडे आढळतात. ग्रीकमध्ये मधला वकार लोपून ‘नेओस्’ झाले. लॅटिनमध्ये वकाराच्या सान्निध्याने पूर्वीच्या एकाराचा ओकार झाला आणि ‘नोवोस्’ हे रूप आले. संस्कृतात ए आणि ओ हे मूळचे ऱ्हस्व स्वर अकारात विलीन झाल्यामुळे तेथे ‘नवस्’ राहिले. फारसीतील ‘नौ’ याच वंशातला असून नवरोज या सणाच्या नावाने तो आपल्याकडेही पोचला आहे. मूळ शब्दाचे नाते ‘आता’ या अर्थाच्या ‘नु’ या अव्ययाशी असावे, असे बहुतेक अभ्यासकांना वाटते. संस्कृतातील ‘नु’, ‘नूनम्’, ‘नूतन’ आणि लॅटिनमधील ‘नुंक्’ म्हणजे ‘आता’, ही त्याच घरातली मंडळी. हे नाते मान्य केले तर ‘नवा’ म्हणजे मुळात ‘आत्ताचा’. म्हणजे या विशेषणाने वस्तूचा गुण सांगितला जात नाही, बोलणाऱ्याच्या क्षणाशी तिचे असलेले अंतर सांगितले जाते. तांबड्या वस्तूचे तांबडेपण तिच्यात असते. नव्या वस्तूचे नवेपण मात्र बोलणाऱ्याच्या ‘आता’मध्ये असते, आणि तो ‘आता’ सरकत राहतो.

कन्नड ‘होस’चा उगम निराळा आहे. जुन्या कन्नडमध्ये हा शब्द ‘पोस’ असा होता. दहाव्या शतकानंतर कन्नडमध्ये शब्दारंभीच्या पकाराचा हळूहळू हकार होत गेला. दुधाला ‘पालु’ऐवजी ‘हालु’, दहाला ‘पत्तु’ऐवजी ‘हत्तु’ म्हटले जाऊ लागले. त्याच ओघात ‘पोस’चा ‘होस’ झाला. तमिळ आणि मल्याळममध्ये पकार टिकला. तेथील ‘पुदु’ हा शब्द बरो आणि एमेनो यांच्या द्राविड व्युत्पत्तिकोशात ‘होस’च्याच नोंदीत येतो. म्हणून तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै आणि कर्नाटकातील होसकोटे ही नावे केवळ समानार्थी नाहीत. त्यांचे दोन्ही घटक एकाच मुळापासून निघालेले आहेत. होस्पेटचे ‘होसपेटे’ आणि सीमेपलीकडचे ‘होसूर’ हीही त्याच साच्यातली. ‘कोट’ हा शब्द संस्कृतात आणि मराठीतही आहेच. तो द्राविड भाषांतून वर गेला असावा, असे मत प्रचलित आहे.

२. रूपे

लॅटिन विशेषण विशेष्याचे लिंग, वचन आणि विभक्ती या तिन्ही गोष्टींत अनुसरण करते. पुल्लिंगी ‘नोवुस’, स्त्रीलिंगी ‘नोवा’, नपुंसकलिंगी ‘नोवुम’ ही प्रथमेची एकवचने. अनेकवचनी तीच अनुक्रमे ‘नोवी’, ‘नोवाए’, ‘नोवा’ अशी होतात. संबोधन धरून सहा विभक्ती, दोन वचने आणि तीन लिंगे मिळून छत्तीस जागा भरावयाच्या असतात. परंतु अनेक जागी तेच रूप परत येत असल्यामुळे लिखित रूपे तेराच भरतात. संस्कृतात आठ विभक्ती आणि तीन वचने असल्यामुळे या जागा बहात्तर होतात. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. विशेषण विशेष्याच्या लिंगाला अनुसरते, त्याच्या अंत्य वर्णाला नव्हे. लॅटिनमध्ये ‘पोएता’ म्हणजे कवी हा शब्द दिसण्यात स्त्रीलिंगी आकारान्त नामांसारखा आहे. तरी ‘नवे कवी’ या अर्थी ‘पोएताए नोवी’ असेच म्हणावे लागते, ‘नोवाए’ चालत नाही. मराठीत ‘कवी’ हा ईकारान्त असूनही आपण ‘नवा कवी’ म्हणतो, त्यातला प्रकार हाच. नामाचे लिंग नामावरून कळत नाही तेव्हा ते विशेषण सांगते.

मराठी ‘नवा’ हे संस्कृत ‘नव’पासून थेट आलेले नाही, ‘क’ प्रत्यय लागलेल्या ‘नवक’ या विस्तारित रूपातून ते आले. ‘नवकः’पासून ‘नवा’, ‘नविका’पासून ‘नवी’, ‘नवकम्’पासून ‘नवें’. हिंदीने नपुंसकलिंग टाकले. तेथे ‘नया’ आणि ‘नई’ या दोनच बाजू उरल्या. मराठीने, आणि तिच्याबरोबर कोकणी व गुजराती यांनी, तिन्ही लिंगे राखली. कोकणीत ‘नवो, नवी, नवें’, गुजरातीत ‘नवो, नवी, नवुं’. ‘नवें’ या रूपातील अनुस्वार हा संस्कृत ‘नवम्’मधील आणि लॅटिन ‘नोवुम’मधील अंत्य मकाराचा दूरचा अवशेष होय. १९६२ च्या लेखननियमांनंतर मराठीत तो लिहिला जात नाही. त्यामुळे ‘नवे घर’ आणि ‘नवे वाडे’ यांतील दोन निराळी रूपे लेखनात एकच दिसतात. बोलण्यात मात्र ‘नवं घर’ आणि ‘नवे वाडे’ हा भेद अजून ऐकू येतो.

विभक्तीच्या बाबतीत मराठीने मोठी काटकसर केली. विशेष्याला कोणताही प्रत्यय लागला तरी विशेषणाचे एकच सामान्यरूप होते : नव्या वाड्यात, नव्या वहीत, नव्या घरांना. लिंग नाही, वचन नाही, विभक्तीचा भेद नाही. फक्त ‘पुढील नामाला विकार झाला आहे’ एवढीच वर्दी ‘नव्या’ हे रूप देते. बहात्तर जागांच्या वारशातून अशी चार लिखित रूपे उरली : नवा, नवी, नवे, नव्या. पण ‘नव्या’ हे जे चौथे रूप, ते पुढे पाहावयाच्या परीक्षेत सर्वांत उपयोगी पडणार आहे.

कन्नडमध्ये नामापूर्वीचे ‘होस’ कोणत्याही विकाराशिवाय उभे राहते. होस मने, होस हुडुग, होस सीरे : घर, मुलगा, साडी, काहीही असो, ‘होस’ बदलत नाही. याचा अर्थ कन्नड विशेषणाला लिंगवचन ठाऊकच नाही, असा मात्र नव्हे. ते विधेयात किंवा स्वतंत्रपणे आले म्हणजे त्याला सर्वनामी प्रत्यय लागतात. घर नवे आहे असे सांगताना ‘होसदु’ म्हणावे लागते. नवखा पुरुष ‘होसब’, नवखी स्त्री ‘होसबळु’, नवखी माणसे ‘होसबरु’. परका, अनोळखी, हाही अर्थ या रूपांना आहे. गावात आलेला नवा माणूस अनोळखी असतोच. म्हणजे लॅटिन आणि मराठी विशेषण नामाच्या शेजारी उभे राहतानाच त्याच्याशी जुळवून घेते, तर कन्नड विशेषण नामापासून सुटे झाल्यावरच लिंगवचन धारण करते.

३. नावात गोठलेले विशेषण

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. ‘नवा’ हे विशेषण नावात शिरले म्हणजे त्याचे काय होते?

लॅटिनमध्ये याचे दोन प्रकार स्पष्ट दिसतात. इटलीच्या दक्षिणेस ग्रीकांनी वसविलेल्या नगराचे नाव ‘नेआ पोलिस’, म्हणजे नवे नगर. ग्रीकमध्ये असे नाव सुट्या दोन शब्दांचे असू शकते आणि मग दोन्ही शब्द चालतात. परंतु रोमनांनी ते ‘नेआपोलिस’ असे एकच पद म्हणून उचलले आणि केवळ शेवट चालविला : द्वितीयेत ‘नेआपोलिम’. आतील ‘नेआ’ अविकारी झाले. आजचे नापोली किंवा नेपल्स ते हेच. दुसरा प्रकार कार्थेजचा. फिनिशियन भाषेत त्या नगराचे नाव ‘कर्त हदश्त’ असे होते. त्याचाही अर्थ नवे नगर असाच. स्पेनच्या किनाऱ्यावर ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात हास्द्रुबालने आणखी एक नगर वसविले व त्याला तेच नाव दिले. रोमनांना त्या नावातील ‘नवे’ ऐकू येत नव्हते. म्हणून दोन नगरांत भेद करण्यासाठी त्यांनी स्पेनमधील नगरास ‘कार्थागो नोवा’ म्हटले. शब्दशः पाहिले तर ‘नवे नवे-नगर’. परंतु हे ‘नोवा’ लॅटिन कानाला जिवंत होते, म्हणून ते नामाबरोबर चालले : द्वितीयेत ‘कार्थागिनेम नोवाम’, पंचमीत ‘कार्थागिने नोवा’. एकाच नावात एक ‘नवे’ मृत आणि दुसरे जिवंत, आणि त्यांतील भेद सांगणारी खूण एकच : विकार.

होसकोटे हे नाव मराठीत ‘नेआपोलिस’च्या जातीचे झाले. कोटे चालते, होस चालत नाही. उद्या त्या गावाशेजारी वसाहत होऊन तिला कोणी ‘नवे होसकोटे’ म्हटले, तर मराठी माणूस ‘नव्या होसकोट्यात’ असे सहज म्हणेल आणि रोमनांनी कार्थेजच्या बाबतीत केले तेच करील.

परंतु याहून सूक्ष्म प्रकार मराठीच्या घरातच घडत आहे. ‘नवी दिल्ली’ आणि ‘नवी मुंबई’ ही नावे पाहावीत. दोन्हींतील विशेषण मराठी आहे, सुटे लिहिले जाते, स्त्रीलिंगी विशेष्याशी जुळते. व्याकरणाच्या नियमाने सप्तमीत ‘नव्या दिल्लीत’, ‘नव्या मुंबईत’ असे व्हावयास हवे. प्रत्यक्षात वृत्तपत्रांत आणि बोलण्यात ‘नवी दिल्लीत’, ‘नवी मुंबईत’ हीच रूपे रूढ आहेत. शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्यास ही चूक वाटेल. ती चूक नव्हे. १९३१ मध्ये उद्घाटन झालेली राजधानी, किंवा १९७० पासून सिडकोने उभारलेले आणि १९९२ मध्ये स्वतंत्र महानगरपालिका मिळालेले नगर, यांच्या नावांतील ‘नवी’ने विशेषणपण सोडले आहे. ते आता नावाचे पहिले अक्षरगट आहे, आणि म्हणून सामान्यरूप घेत नाही. याचा पुरावा असा की ‘नव्या मुंबईत’ असे कोणी म्हटले तर अर्थ बदलतो. ‘नव्या मुंबईत गिरण्यांचे भोंगे ऐकू येत नाहीत’ या वाक्यातील मुंबई खाडीपलीकडची नव्हे. ती परळ-लालबागचीच, पालटलेली. ‘नवी मुंबईत’ हे स्थळ सांगते, ‘नव्या मुंबईत’ हे काळ सांगते. एका स्वराच्या फेराने भाषेने हे दोन अर्थ वेगळे ठेवले आहेत.

याला अपवाद वाटावे असे एक उदाहरण पुण्यात आहे. मुठा नदीवरील १९२३ साली पुरा झालेला शिवाजी पूल शतक उलटले तरी लोकांच्या तोंडी ‘नवा पूल’च राहिला, आणि लोक ‘नव्या पुलावर’ असेच म्हणतात. येथे विशेषण जुने होऊनही चालते, कारण ‘पूल’ हे सामान्यनाम आहे आणि त्याचा अर्थ लपलेला नाही. दिल्ली आणि मुंबई ही स्वतः विशेषनामे असल्यामुळे त्यांच्याशी जडलेले विशेषण लवकर थिजते. पूल, वाडा, रस्ता यांच्याशी जडलेले उशिरा. यावरून नियम असा निघतो : विशेषण गोठण्याला वस्तूचे वय कारण होत नाही, विशेष्याचे विशेषनामपण कारण होते.

नामात पूर्णपणे विरघळलेल्या ‘नव’चे मराठीतील सर्वांत घरगुती उदाहरण म्हणजे ‘नवरा’. ‘नव-वर’ अशी त्याची फोड कोशांत दिलेली आहे. लग्नाच्या दिवशी ती यथार्थ असते. साठीशांतीच्या दिवशीही तो गृहस्थ नवराच असतो. उलट आश्विनातील ‘नव्याची पुनव’ या नावात विशेषण एकटेच नामाचे काम करते, नवे म्हणजे नवे धान्य. तेथे ‘नव्याची’ असा विकारही होतो आणि दरवर्षी धान्य खरोखरच नवे असते.

कन्नडमध्ये हीच परीक्षा लावता येत नाही, कारण जिवंत ‘होस’ही अविकारीच असते. तेथे खुणा ध्वनीच्या आहेत. ‘होसकोटे’तील मधला अकार बोलण्यात क्षीण होऊन ‘होस्कोटे’ ऐकू येते. स्वरापुढे तो पूर्ण जाऊन ‘होस’ आणि ‘ऊरु’ यांचे ‘होसूरु’ होते. ‘होसगन्नड’ म्हणजे अर्वाचीन कन्नड या शब्दात ‘कन्नड’चा ककार गकार झाला आहे, आणि तो मृदू गकारच सांगतो की हे दोन शब्द नसून एक समास आहे. मराठी जेथे विकाराचा अभाव दाखविते, तेथे कन्नड संधीचा प्रभाव दाखविते.

४. गोवा : ‘नोवुस’चे आगमन

लॅटिन विशेषणाचा मराठी प्रदेशाशी संबंध केवळ तुलनेपुरता नाही. ते पोर्तुगीजांबरोबर येथे येऊन राहिले. पोर्तुगीज ही लॅटिनची कन्या. तिने ‘नोवुस’पासून ‘नोवु’ आणि ‘नोवा’ ही दोन लिंगरूपे ठेवली, नपुंसकलिंग टाकले. अठराव्या शतकात पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा आदी महाल पोर्तुगीज अमलाखाली आले तेव्हा त्यांना ‘नोवाश कोंकिश्ताश’ म्हटले गेले. मराठीत त्याच ‘नव्या काबिजादी’. आधीच्या तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या ‘जुन्या काबिजादी’. १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा दर्जा देताना तिला ‘नोवा गोवा’ हे अधिकृत नाव मिळाले आणि ओस पडत गेलेली पहिली राजधानी ‘वेल्या गोवा’ ठरली.

या जोडीचे पुढे जे झाले ते बोधप्रद आहे. ‘नोवा गोवा’ हे नाव मागे पडले. लोकांनी पणजी हेच नाव राखले. ‘जुने गोवे’ मात्र राहिले, आणि आजही ‘जुन्या गोव्यात’ शवप्रदर्शनाच्या काळात लाखो लोक जातात. ‘जुना’ हे विशेषण काळ जाईल तसे अधिकाधिक खरे होत जाते, म्हणून त्याला गोठण्याची निकड नसते. ‘नवा’ला एकतर गोठावे लागते किंवा गळून पडावे लागते. आणखी एक योग नोंदविण्याजोगा. लॅटिनचे नपुंसकलिंगी ‘नोवुम’ तिच्या पोर्तुगीज कन्येने गमावले. पण ज्या भूमीत ती कन्या आली तेथील कोकणी आणि मराठी यांनी त्याचे सख्खे भावंड ‘नवें’ जपून ठेवलेले होते.

होसकोट्याचे लॅटिन भाषांतर करावयाचे झाल्यास ते ‘नोवुम कास्तेल्लुम’ असे नपुंसकलिंगातच होईल. तसे नाव युरोपात खरोखर आहे. स्वित्झर्लंडमधील न्यूशातेलचा १०११ च्या दस्तऐवजातील उल्लेख याच शब्दांत येतो. इंग्लंडमधील न्यूकॅसलचे नावही १०८० मध्ये उभारलेल्या नव्या कोटावरून पडले. तेथेही कोट जुने झाले, नावे नवीच राहिली.

५. वाङ्मयेतिहासातील ‘नवे’

हे सर्व केवळ स्थलनामांपुरते असते तर साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे वळण्याचे कारण नव्हते. परंतु वाङ्मयेतिहास हे शास्त्रच ‘नव’ या विशेषणावर फार मोठ्या प्रमाणात उभे आहे.

ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात पूर्वीच्या ऋषींबरोबर नूतन ऋषींचाही उल्लेख आहे, आणि आपले सूक्त ‘नव्यसी’, म्हणजे अधिक नवे, असल्याचा अभिमान ते कवी ठिकठिकाणी वाहतात. आज त्या नूतनांहून प्राचीन कवी भारताला ठाऊक नाहीत. रोममध्ये ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात कातुल्लुस आणि त्याच्या मित्रांच्या काव्याला ‘पोएताए नोवी’ हे नाव चिकटले. त्या नावामागे सिसेरोचा थोडा उपहास होता. त्याच सिसेरोला रोमच्या उमरावांनी ‘होमो नोवुस’ म्हणून हिणविले होते, कारण त्याच्या घराण्यात पूर्वी कोणी मोठे पद भूषविले नव्हते. अनेकवचनी ‘रेस नोवाए’, म्हणजे शब्दशः ‘नव्या गोष्टी’, याचा लॅटिनमधील रूढ अर्थ राज्यक्रांती, बंडाळी असा होता. रोमन मनाला नव्याची किती धास्ती होती ते यावरून दिसते. व्हारो हा वैयाकरण याच शब्दाबद्दल एक मार्मिक नोंद करतो. ‘नोविस्सिमुस’ या श्रेष्ठत्वदर्शक रूपाचा अर्थ ‘सर्वांत नवा’ आणि त्यावरून ‘सर्वांत शेवटचा’. पण आपल्या आठवणीतली काही वृद्ध मंडळी, त्यांत एलिउस हा विद्वानही, हे रूप वापरणे टाळीत, कारण तो शब्द त्यांना फारच नवा वाटे.

भारतीय भाषांनी ‘नावीन्य’ वाङ्मयप्रकारांच्या नावांत निरनिराळ्या रीतींनी बसविले. लॅटिन ‘नोवुस’चे लघुत्वदर्शक ‘नोवेल्लुस’. त्यापासून इटालियन ‘नोवेल्ला’ आणि पुढे इंग्रजी ‘नॉव्हेल’. प्राकृतात ‘नव’ला ल-प्रत्यय लागून ‘णवल्ल’ झाले आणि त्यापासून ‘नवल’. दोन्हीकडचा लकार परस्परांपासून स्वतंत्र, तरी गुजरातीला ‘नवलकथा’ आणि तेलुगूला ‘नवल’ ही नावे सहज सुचली, कारण ध्वनी आणि अर्थ दोन्ही जुळत होते. तमिळने ‘पुदु’पासून ‘पुदिनम्’ घडविले, म्हणजे ‘होस’च्या भावंडालाच कामाला लावले. मराठीत काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहिला तेव्हा परका शब्दच मथळ्यात आला होता. शेवटी मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांनी ‘कादंबरी’ हे नाव स्वीकारले. नव्या प्रकाराला सातव्या शतकातील बाणाच्या ग्रंथाचे नाव देऊन त्यांनी नवेपणाचा उल्लेखच टाळला. म्हणून या दोन भाषांत या प्रकाराचे नाव जुने होण्याची भीती उरली नाही.

काव्याच्या बाबतीत मात्र ती टळली नाही. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ मध्ये आल्या आणि ‘नवकविता’ हे नाव रूढ झाले. गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या कथेला ‘नवकथा’ म्हटले गेले. या नावांत मराठी ‘नवी’ नाही, संस्कृत ‘नव’ आहे. समास आहे, म्हणून विकार नाही. परिणाम असा की मराठी समीक्षकाला दोन साधने मिळाली. ‘नवकवितेत’ म्हटले की पाऊणशे वर्षांपूर्वीचा एक कालखंड समजतो. ‘नव्या कवितेत’ म्हटले की आज लिहिली जाणारी कविता समजते. पहिले नाव, दुसरे विशेषण. कन्नडमध्येही असेच झाले. तेथील ‘नवोदय’ आणि गोपालकृष्ण अडिगांच्या नावाशी निगडित असलेले ‘नव्य’ काव्य ही दोन्ही नावे संस्कृतातून घेतलेली आहेत. मागाहून आलेली, तरी आज तीही इतिहासजमा आहेत. आजच्या कवितेसाठी ‘होस’ हा देशी शब्द मोकळाच राहिला, आणि ‘होस कविते’ म्हटले असता कोणाला चळवळीचे नाव आठवत नाही. हिंदीने मात्र समास न करता ‘नई कविता’ आणि ‘नई कहानी’ ही पदे चळवळींना दिली. हिंदीत स्त्रीलिंगी विशेषण प्रत्ययापुढेही बदलत नाही, त्यामुळे ‘नई कविता में’ म्हणताना चळवळ अभिप्रेत आहे की आजची कविता, हे रूपावरून ठरत नाही. संदर्भ शोधावा लागतो.

अनुवादकाच्या आणि तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने यातून एक व्यवहार्य दंडक हाती येतो. एका भाषेतील वाङ्मयीन ‘नव’ दुसऱ्या भाषेत नेताना प्रथम ते विशेषण जिवंत आहे की नाव झाले आहे, हे मूळ भाषेच्या व्याकरणाने तपासावे. मराठीत विकार पाहावा, कन्नडमध्ये संधी आणि शब्दाचे कुळ पाहावे, हिंदीत वाक्यसंदर्भ पाहावा. हिंदीतील ‘नई कविता’चे मराठीत ‘नवी कविता’ असे शब्दाला शब्द भाषांतर झाले, की हिंदीतील एका कालखंडाचे नाव मराठीत आजच्या कवितेचे वर्णन होऊन बसते आणि वाचक दोन पिढ्यांची गल्लत करतो. तसेच कन्नडमधील ‘नव्य’ला ‘नवे’ म्हणणे म्हणजे होसकोट्याला ‘नवा कोट’ म्हणून नकाशात शोधण्यासारखे आहे. तेथे पोचणाऱ्यास चार शतकांच्या जुन्या वस्तीचे गाव भेटेल, आणि त्याचे नाव तरीही बरोबरच असेल.